लम्हेटाघाटची कहुनी

लाल पेन निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातच ठेवून आले, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे. ते माझ्या पर्समध्येच असतं. लग्नाची पत्रिका आली तरी मला आधी तिच्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसते, मग नवरानवरीची नावं. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्युझियममधल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या, मुलींची जर्नल्स तपासली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या कॉलेजातली एक मुलगी मदन महल वस्तीतल्या माझ्या घरी आली. ती नर्मदेतल्या लहान माशांवर पीएच.डी. करते. मोठ्या माशांच्या मागे सगळेच असतात, हिचे मासे इतके बारके की बाजारातही येत नाहीत. प्रबंधात एक प्रकरण माशांच्या स्थानिक नावांचं होतं. तिच्या गाइडनी सांगितलं होतं, यादी एकदा जुन्या मैमना दाखव, त्यांनी सही केली की पुढे पाठवू. प्रकरण सोमवारी द्यायचं आणि बाई आल्या गुरुवारी. आमच्या वेळच्या मुलीही अशाच होत्या.

मी चहा ठेवला, चष्मा लावला, पेन काढलं. यादी खरोखर चांगली होती. पोरगी घाटाघाटावर फिरली होती, कोणी काय सांगितलं ते नीट लिहिलं होतं. मला जरा वाईटच वाटलं, कारण चौदा ओळी झाल्या तरी पेन टेकवायला जागा मिळाली नव्हती. पंधराव्या ओळीवर मी थांबले.

मासा ओळखीचा होता. गारा मुल्या. रोहू-कटलाच्याच खानदानातला, पण त्या घराण्यात ह्याला कोणी विचारत नाही. बोटाएवढा, गोलसर अंगाचा, पोट सपाट. तोंड पुढे नसून खाली असतं आणि खालच्या ओठामागे एक छोटी चकती असते. वाहत्या पाण्यात त्या चकतीनं तो दगडाला चिकटून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. आमच्याकडे हिंदीत ह्याला पथरचटा म्हणतात, आणि तसं तिनं लिहिलं होतं. पण त्याखाली आणखी एक ओळ होती. 'लम्हेटाघाट: कहुनी.' आणि त्या एका शब्दावर दीड पान टीप.

"मैम, ये मेरी सबसे अच्छी खोज है," ती खुर्चीत पुढे सरकून म्हणाली. "ये नाम और कहीं नहीं मिला। ना ग्वारीघाट, ना तिलवारा। सिर्फ़ लम्हेटा में।"

टिपेत तिनं म्हटलं होतं की हा शब्द बुंदेलीतल्या 'कहनी'वरून, म्हणजे गोष्ट ह्या अर्थावरून आला असावा. ह्या माशाची काही जुनी लोककथा असणार, आता ती हरवली असणार आणि नावात तेवढी उरली असणार. छान लिहिलं होतं. वाचताना मला ठसका लागला.

कारण ती हरवलेली लोककथा म्हणजे मी होते.

आमचे आजोबा नागपूरकडून नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आले. बाबा इथल्या एका संरक्षण कारखान्यात मोजमापाचे गेज तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी माल परत, अशी त्यांची ख्याती. रविवारी मात्र ते वेगळेच असत. मला स्कूटरवर मागे बसवून लम्हेटाघाटला नेत. आमच्या घरी मासे खात नसत, पण बाबांना ते बघायला फार आवडायचं. तिथे एक नाववाले काका होते. खडकांत जिथे पाणी जोरात धावतं तिथे ते गुडघाभर पाण्यात उभे राहत, दगडाखाली हात घालत आणि एक पथरचटा काढून माझ्या तळहातावर ठेवत. मासा तळहाताला चिकटे. हात उलटा केला तरी क्षणभर पडत नसे. मी नऊ वर्षांची होते आणि मला हे जगातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटायचं.

"बाबा, हा चिकटून काहून राहिला?" मी विचारी.

काहून म्हणजे का, कशासाठी. नागपूरकडचा शब्द, आजोबांच्या ट्रंकेतून आमच्या घरात आलेला. मी दिवसाला शंभर वेळा तो वापरत असेन.

"वाहून जाऊ नये म्हणून," बाबा म्हणत.

"काहून?"

"वाहून!"

आणि मग तो खेळच होऊन बसला. मी ओरडायचे काहून, बाबा ओरडायचे वाहून, आणि नाववाले काका एकदा माझ्या आणि एकदा बाबांच्या तोंडाकडे बघत हसत सुटायचे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की ही पोरगी हा मासा बघितला की एक शब्द ओरडते. एका रविवारी आम्ही स्कूटर लावतो न लावतो तोच त्यांनी खालून हाक दिली, "आओ बिटिया, आज तुम्हारी कहुनी बहुत निकली है!"

मी बाबांकडे बघितलं. केसाएवढा फरक न सोडणारा माणूस. मला वाटलं, आता सांगतील. बाबा खो खो हसले.

"राहू दे ना बाप्पा," ते म्हणाले. "त्याले वाटून राहिलं का नाव आहे. चांगलं तर आहे."

तर 'कहुनी' ती अशी. पन्नास वर्षांपूर्वीची एक गैरसमजूत. आणि आता ती दीड पानाच्या टिपेसह माझ्या सहीसाठी माझ्याच मांडीवर आली होती.

मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत एक मिनिट थांबले नसते. पण मूग गिळून बसले. "शनिवार को घाट पर चलेंगे," एवढंच म्हणाले. "किसने बताया, वो मुझे ख़ुद सुनने दो। फिर साइन करूँगी।"

ती गेल्यावर मी कप विसळत बराच वेळ उभी होते. चुकीवर रेघ मारायला मला कधी जड गेलेलं नाही. ह्या वेळी जात होतं, आणि ते का, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच वर्षी, नऊ वर्षांची असतानाच, आईची बहीण पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. मी तिला काहीतरी विचारलं आणि तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "काहून? अगं बाई, हे कुठल्या रानातलं मराठी!" ती वाईट नव्हती, नुसती हसली. मग आई हसली. मग पाहुण्यांपुढे मला पुन्हा पुन्हा तो शब्द म्हणायला लावला आणि सगळे हसले. बाबा उठून अंगणात गेले. ते काही बोलले नाहीत ह्याचा मला मावशीपेक्षा जास्त राग आला.

त्या दिवसापासून मी शुद्ध मराठीची हवालदार झाले. 'काहून' गेलं, 'करून राहिली' गेलं. पुढच्या रविवारी घाटावर माझ्या तळहातावर मासा आला आणि मी नीट, पुस्तकातल्यासारखं विचारलं, "बाबा, हा असा का चिकटतो?" बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. 'का'पुढे 'वाहून' बसत नाही. त्यांनी मला ओठामागची चकती दाखवली, सगळं शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. कदाचित त्यामुळेच मी पुढे प्राणिशास्त्राला गेले. पण खेळ संपला तो संपलाच.

इथवर झालं ते लहान मुलीच्या माथी मारता येईल. पुढचं नाही.

माझा मुलगा लहान होता तेव्हा बाबा निवृत्त झाले होते आणि त्याला घेऊन लम्हेटाला जायचे. येताना पोराच्या तोंडी सगळं आजोबांचं मराठी असायचं. मला ते कानात खड्यासारखं टोचायचं. तो तिसरीत असेल. मी वह्या तपासत बसले होते, कशावरून तरी त्याच्यावर खेकसले. तो जवळ आला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, तू काहून रागावून राहिली?"

मी काय केलं असेल? हातात लाल पेन होतं. मी म्हणाले, "काहून नाही, का. रागावून राहिली नाही, रागावली आहेस. म्हण बरं नीट." त्यानं म्हटलं. चुकलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा तो थांबला, माझ्या गुडघ्यावरचा हात काढला आणि अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाला, "आई, आप गुस्सा क्यों हो?"

त्या हिंदीत एकही चूक नव्हती. त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोलला नाही. रुसून नव्हे, रुसवा दोन दिवसांत जातो. त्याला एक रस्ता सापडला ज्यावर आई अडवत नाही, आणि तो त्या रस्त्यानं निघून गेला. आता तो बंगळुरूला आहे. दर रविवारी दुपारी न चुकता फोन करतो, माझ्या गुडघ्याची, गॅस सिलिंडरची, सगळी चौकशी करतो, हिंदीत. मी मराठीत उत्तर देते. आमच्यात दुरावा नाही. पण त्याच्या तोंडी मराठीतला एकच शब्द उरला आहे, आई, आणि तो ऐकला की मला बरं वाटतं आणि लाजही वाटते.

ओळखीच्या मराठी घरांमधून हेच ऐकू येतं. मुलांना समजतं, बोलत नाहीत. आम्ही सगळे दोष शाळेला देतो, शेजाराला देतो, टीव्हीला देतो. मीही देत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला मैलावरून दिसतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी तिच्या स्कूटीवरून लम्हेटाला गेलो. बरगी धरणाचं पाणी सोडलेलं नव्हतं, खडक उघडे होते. नाववाले काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी तिथे असते, आता तीही पन्नाशीला आलेली. साडी खोचून ती पाण्यात उतरली, एका दगडाखाली दोन्ही हात घातले आणि एक मासा काढून, न विचारताच, माझ्या तळहातावर ठेवला. बापाची सवय तिच्यात जशीच्या तशी आली होती.

"ये लो, मैडम। कहुनी।"

मासा चिकटला. तळहाताला ते बारीकसं, ओलं ओढणं जाणवलं आणि माझे डोळे भरून आले. हे असं होणार नाही अशी माझी समजूत होती. हाच मासा मी वर्षानुवर्षं बरणीतून काढून मुलींना दाखवला होता. पण फॉर्मलिनमधला मासा चिकटत नाही.

"ये नाम किसने रखा?" मी विचारलं.

"रखेगा कौन? शुरू से है। हमारे बाबू कहते थे, अब हमारे नाती-पोते कहते हैं।"

विद्यार्थिनी वहीत भराभरा लिहीत होती. 'शुरू से' ह्या दोन शब्दांखाली तिनं दोन रेघा मारल्या. तेव्हा मात्र मला राहवेना. मी मासा पाण्यात सोडला आणि जे होतं ते सांगून टाकलं. स्कूटर, बाबा, माझं ओरडणं, काहून, वाहून. त्या बाईचे वडील कसे हसायचे तेही.

ती बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "आप हमारे बाबू को जानती थीं, ये तो बहुत अच्छी बात है। लेकिन मैडम, मछली का नाम कोई रखता थोड़ी है। वो तो होता है।" आणि पुन्हा पाण्यात उतरली. तिच्या लेखी विषय संपला होता.

विद्यार्थिनीचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, एखाद्या मुलीच्या हातून पेपर हिसकावून घ्यावा तसा पडला. तिचं दीड पान तिच्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं.

"मैम, आपको पक्का याद है? आप तो छोटी थीं।"

"पक्का."

तिनं बॅगेतून यादी काढली, पंधराव्या ओळीवर बोट ठेवलं. "तो काट दूँ?"

पेन माझ्या पर्समध्ये होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला आठवत होता एक गुडघ्यावरून उचललेला लहान हात. हा शब्द मी एकदा खोडला होता. त्याचं काय झालं ते मी दर रविवारी ऐकत होते. माझ्या घरात तो कोणी उच्चारत नाही, मीसुद्धा नाही. आणि इथे ह्या खडकांवर, ज्यांना मराठी येत नाही अशा माणसांच्या तोंडी तो चार पिढ्या टिकून होता. मी हाकलून दिलेल्याला ह्यांनी सांभाळलं होतं. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, ती घाबरली असती.

"नाव राहू दे," मी म्हणाले. मग तिला कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "नाम रहने दो। डेढ़ पन्ना काट दो।"

"पर मैम, ये तो ग़लती से बना नाम है।"

"और गारा मुल्या का मुल्या कहाँ से आया?" मी विचारलं. हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे, तेच तिला सांगितलं. दख्खनच्या नदीकाठी एका इंग्रज साहेबानं लोकांना माशाचं नाव विचारलं म्हणे, आणि कानाला जे ऐकू आलं ते लिहून घेतलं. ते आज जगभरच्या पुस्तकांत आहे. साहेबाला ऐकू आलं ते शास्त्र आणि नाववाल्याला ऐकू आलं ती चूक, हा कुठला न्याय?

ती हसली नाही. लगेच पटलंही नसावं. दीड पान जायचं दुःख दीड पान लिहिणाऱ्यालाच कळतं. परतीच्या वाटेवर मेडिकल कॉलेजजवळच्या सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता म्हणाली, "मैम, रेफ़रेंस में क्या लिखूँ?"

"मेरा नाम," मी म्हणाले.

घरी येऊन मी सही केली. टिपेच्या जागी तिनं दोन ओळी लिहिल्या. हे नाव फक्त लम्हेटाघाटावर चालतं, घाटावर येणाऱ्या एका मराठी मुलीच्या प्रश्नावरून ते पडलं, आणि त्या प्रश्नाचा अर्थ आहे 'क्यों'. 'प्रश्न' हा शब्द तिनं चुकीचा लिहिला होता, तेवढा मी नीट केला. माणूस एका दिवसात किती बदलणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी अडीचला फोन वाजला. गुडघा झाला, सिलिंडर झाला. मग तो म्हणाला, "आई, होली पे आना मुश्किल लग रहा है। छुट्टी नहीं मिल रही।"

दर वेळी मी 'बरं' म्हणते. त्या दिवशीही तेच म्हणणार होते. पण तळहाताला अजून ते बारीक ओढणं जाणवत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येत काहून नाही रे?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी हॅलो, हॅलो केलं.

"आई," तो हळूच म्हणाला. "आपने काहून बोला?"

"हो."

आणि मग बाबांच्याच चालीवर, शेवटचं अक्षर तसंच लांबवत, तिकडून आवाज आला, "वाऽऽहून!"

म्हणजे बाबांनी तो खेळ त्यालाही दिला होता. मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्यासमोर खेळायचा नाही, एवढं त्या दोघांना कळत होतं.

काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर रडू फुटलं असतं, म्हणून मी विचारलं, "जेवलास का?"

"जेवून राहिलो," तो म्हणाला.